वाट पाहणाऱ्या बाईचा चित्रपट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मला आवडलेला कलावंत’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा माझ्याकडून नको. मी चित्रपट-दिग्दर्शक मणी कौल यांच्याविषयी बोलणार आहे.

त्यांचा जन्म १९४४ साली जोधपूरला झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ते १९६६ साली शिकून बाहेर पडले. ऋत्विक घटक हे त्यांचे गुरू. धंद्याच्या चित्रपटाकडे न वळता साहित्यातील कथा आणि माहितीपट या दोन वाटा त्यांनी धरल्या.

१९७० सालचा ‘उसकी रोटी’ मोहन राकेश यांच्या कथेवरचा. पंजाबातली बालो नवऱ्याची रोटी बांधून रोज रस्त्यावर उभी राहते. नवरा बस चालवतो, घरी येतो आठवड्यातून एकदा. एके दिवशी धाकट्या बहिणीला कोणी त्रास दिल्यामुळे बालोला उशीर होतो, आणि नवरा रागावून रोटी न घेताच बस पुढे नेतो. लोक म्हणतात, यात घडत काहीच नाही! भगिनींनो, पान वाढून आपण किती वेळ बसतो, त्याचा हिशेब कोणाच्या वहीत आहे? कणीक मळणारे हात आणि रिकामा रस्ता दाखवून कौलांनी तो हिशेब मांडला.

पुढे १९७३ साली विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर ‘दुविधा’ आला. नवी नवरी घरात येते आणि नवरा व्यापारासाठी पाच वर्षे परगावी जातो. तिच्यावर भाळलेले भूत नवऱ्याचे रूप घेऊन येते. पण आपण कोण, हे तिला आधी खरे सांगते. शेवटी भुताचा बंदोबस्त होतो, खरा नवरा घरी येतो. परंतु तिच्या मनात काय आहे, हे कोणी विचारत नाही. मला वाटते, कथेतले खरे दुःख तेच. या चित्रपटाला दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

त्यांनी मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ केला. मुक्तिबोध घरचे मराठी. लिहिले मात्र हिंदीत. माहितीपटांत कुंभारांवरचा ‘माटी मानस’ आणि बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरी देवींवरचा १९८९ सालचा ‘सिद्धेश्वरी’ प्रसिद्ध आहेत. कौल स्वतः धृपद शिकले होते. ते २०११ साली वारले.

हे चित्रपट संथ आहेत. पाहताना डुलकी लागण्याचा संभव आहे, हे आधीच सांगून ठेवते. पैसा मिळवून देणारे ते नव्हतेच. पण बाईची वाट पाहणे हेही काम आहे, असे मानणारा कलावंत आपल्या देशात होऊन गेला, ही गोष्ट आपल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, माहीत असावी. मंडळाने ‘दुविधा’ एकदा सर्वांना दाखवावा, आणि त्या दिवशी घरच्या पुरुषांनाही बोलवावे, अशी माझी सूचना आहे.