बालकाचें पुनर्वसन आणि आपलें कर्तव्य



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं गतकाळाचें स्मरण करणें उचितच होय. परंतु आम्हीं आज बोलण्यासाठीं निवडलेला विषय गतकाळाचा नसून आपल्या घरांत वाढणाऱ्या बालकांचा आहे. ज्या मुलाची मान वेळेवर सांवरत नाहीं, ज्याचे हातपाय ताठ राहतात, जें आपल्या वयाच्या मुलांबरोबर धांवूं शकत नाहीं, त्याचें पुढें काय व्हावें, हा तो विषय.

अशा अवस्थेचें एक मुख्य कारण म्हणजे सेरेब्रल पाल्सी, अर्थात् मेंदूचा पक्षाघात. लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांनीं १८६१ सालीं अवघड प्रसूती, अकालीं जन्म आणि हातापायांचा ताठरपणा यांचा संबंध वैद्यमंडळापुढें मांडिला. म्हणून पुष्कळ काळ या विकारास ‘लिटलचा रोग’ असेंच नांव होतें. खुद्द लिटल यांचाही एक पाय बाळपणच्या आजारानें वांकडा झाला होता, आणि १८३६ सालीं जर्मनींत शस्त्रक्रिया करून घेतल्यावर तो सुधारला.

वाढत्या मेंदूस जन्मापूर्वीं, जन्माच्या वेळीं किंवा त्यानंतर लवकरच इजा झाल्यानें हा विकार उद्भवतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची उणीव, तीव्र कावीळ, मेंदूज्वर हीं त्याचीं कांहीं कारणें होत. कित्येकदां नेमकें कारण सांपडतही नाहीं. परंतु ग्रहणाच्या दिवशीं आईनें अमुक केलें, किंवा वाडवडिलांचें पाप भोंवलें, या समजुतींस मुळींच आधार नाहीं. अशा समजुतींनीं मातेच्या माथीं नसता दोष येतो आणि मूल घरांत दडवून ठेविलें जातें. हीच मोठी हानि होय.

मग उपचार काय करितो? झालेली इजा तो पुसून टाकीत नाहीं, हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे. तथापि ती इजा वाढतही नाहीं, आणि बाळाचा मेंदू अजून घडत असतो. जी हालचाल मूल स्वतःच्या प्रयत्नानें पुनःपुन्हा करितें, तिच्या वाटा मेंदूंत दृढ होत जातात. शेतांतील पायवाट रोजच्या वहिवाटीनेंच पडते, तसेंच हें आहे. यास्तव नुसतें तेल लावून चोळल्यानें किंवा दुसऱ्यानें हातपाय हलविल्यानें फारसें साधत नाहीं. मुलानें स्वतः हात पुढें करून खेळणें घ्यावें, वाटी धरावी, दोन पावलें टाकावीं, अशीं लहान उद्दिष्टें ठरवून खेळीमेळीनें सराव करून घेणें, हेंच आजच्या उपचाराचें मर्म होय. एकाच बाजूचा हात दुबळा असल्यास चांगल्या हातास कांहीं आठवडे रोज कांहीं तास मोजा घालून आंवरतात व दुबळ्या हातासच खेळावयास लावितात.

फिजिओथेरपी बसणें, उभें राहणें व चालणें शिकविते. ऑक्युपेशनल थेरपी घांस घेणें, बटण लावणें, पेन्सिल धरणें शिकविते. स्पीच थेरपी गिळणें व बोलणें यांस साह्य करिते. ज्यास वाचा येतच नाहीं, त्यास चित्रांच्या पाटीवर बोट किंवा दृष्टि ठेवून मनोगत सांगतां येतें. सर्वच मुलें चालूं लागतात असें नाहीं. परंतु चाकांच्या खुर्चींतून शाळेंत जाणारें मूल हेंही उपचाराचें यशच आहे. यांपैकीं अनेकांची बुद्धि शाबूत असते. देह ताठर म्हणून मन मंद असें मानणें हा अन्याय होय.

यांत वेळ फार मोलाचा आहे. चौथ्या महिन्यानंतरही मान न धरणें, नवव्या महिन्यानंतरही आधाराशिवाय न बसणें, दीड वर्षानंतरही न चालणें, किंवा वर्षाच्या आंतच एकाच हाताचा वापर करणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास ‘होईल हळूहळू’ असें म्हणत बसूं नये, बालरोगतज्ज्ञांस दाखवावें.

साधनें दूर नाहींत. मुंबईंत हाजीअली येथें पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ सालीं स्थापन झाली. १९७२ सालीं डॉ. मिठू अलूर यांनीं स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू करून अशा मुलांच्या शिक्षणाचें द्वार उघडिलें. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं आपल्या पालघर येथेंच झाला; जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचारांची सोय त्यांत आहे.

परंतु बंधुभगिनींनो, उपचारगृहांतील तास आठवड्यांतून एकदोन. बाकीचे सर्व तास घरचे. ते तास बहुधा एकटी आई सोशिते. मुलास कडेवर घेऊन गाडी गांठणें, घरकाम सांभाळणें, शेजाऱ्यांची कींव ऐकणें, आणि महिनोन् महिने फळ न दिसतां पुन्हा तोच सराव घेणें. येथेंच पुष्कळांचा धीर सुटतो व उपचार अर्ध्यावर राहतो. तो धीर टिकविणें आपल्या हातीं आहे. कोणी आठवड्यांतून एक दिवस सोबत जावें, कोणी भावंडांकडे पाहावें. देवळाच्या पायऱ्यांशेजारीं एक उतरण बांधावी. धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि मुलांच्या खेळांत या बालकांस जागा असावी; कारण इतर मुलांचें पाहून तींही हात पुढें करितात.

या महोत्सवाची खूण म्हणून आपण एवढेंच ठरवावें कीं, या धर्मग्रामांतील एकही मूल दारामागें दडलेलें राहणार नाहीं.