पानावरचं चित्र आणि त्याचा पत्ता

एरवी मला कवितेबद्दल बोलायला बोलावतात. आज मात्र पुस्तकाच्या पानात चित्र कसं बसतं, याबद्दल बोलणार आहे. बी.ए. झाल्यावर पोटासाठी मी काही वर्षं सोलापुरात एका डीटीपीच्या दुकानात काम केलं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल आणि अधूनमधून एखादं पुस्तक, असं ते काम. तिथं शिकलेली एक गोष्ट आजही उपयोगी पडते.

खिळ्यांची छपाई होती तेव्हा चित्र म्हणजे हातात धरता येणारी वस्तू होती. फोटोचा जस्ताचा ब्लॉक करून आणायचा. तो लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला असे. जुळारी तो खिळ्यांच्या शेजारी पक्का बसवायचा. ब्लॉक हरवला तर पानात भोक राहायचं आणि ते आंधळ्यालाही कळायचं.

1985 साली आल्डस या अमेरिकन कंपनीनं पेजमेकर बाजारात आणलं. 1994 मध्ये अडोबीनं ती कंपनीच घेतली. आपल्याकडे श्रीलिपीसारखे फाँट आले आणि गावोगावच्या छापखान्यांत पेजमेकरवर मराठी पानं लागू लागली. त्यात ‘प्लेस’ नावाची आज्ञा असे. ती दिली, फाइल निवडली आणि माउस टिचकवला की चित्र पानावर हजर. ब्लॉक नको, ठोकळा नको. आम्हाला जादूच वाटली.

पण पडद्यावर दिसतं ते चित्र नसतं, ती चित्राची सावली असते. चित्र मोठं असेल, म्हणजे 256 केबीपेक्षा जास्त, तर पेजमेकर विचारायचं, याची पूर्ण प्रत पानाच्या फाइलमध्ये ठेवू का? ‘नाही’ म्हटलं, तर पानात फक्त एक ढोबळ नमुना आणि मूळ चित्राचा पत्ता राहायचा. अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव. छापताना पेजमेकर त्या पत्त्यावर जाऊन खरं चित्र घेऊन यायचं. आम्ही सगळे ‘नाही’च म्हणायचो. फाइल फुगली तर फ्लॉपीत मावायची नाही, फ्लॉपी जेमतेम 1.44 एमबीची.

आता माझ्या पहिल्या संग्रहाची गोष्ट सांगतो.

माझी अम्मा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली. मराठी ती फर्डं बोलायची, पण देवनागरी तिला वाचता येत नव्हती. मी लिहितो मराठीत. म्हणजे मुलाचं पुस्तक येणार आणि आईला त्यातलं अक्षर कळणार नाही. बाहेरगावी शिकत असताना ती मला पोस्टकार्डं लिहायची. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ असायची, ‘जहां बी रहो, खुश रहो’. त्या पोस्टकार्डांवर माझी एक कविता आहे. मी ठरवलं, कवितेखाली ती ओळ तिच्याच अक्षरात छापायची. पुस्तकातली तेवढी एक जागा तरी तिला वाचता येईल.

पेजमेकरला उर्दू येत नव्हती. उजवीकडून डावीकडे जाणारी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं त्याला जमत नसत. उर्दूसाठी इनपेज हे वेगळं सॉफ्टवेअर होतं. त्यात मजकूर करून तो चित्र म्हणून मराठी पानात आणावा लागे. मला तर अम्माचं हस्ताक्षरच हवं होतं. पोस्टकार्ड स्कॅन केलं, ओळ कापून घेतली आणि कवितेखाली ठेवली.

पहिला घोटाळा प्रुफात सापडला. आधीच्या कवितेत मी दोन ओळी वाढवल्या, पुढचा सगळा मजकूर खाली सरकला, पण अम्माची ओळ जागची हलली नाही. ती भलत्याच कवितेखाली जाऊन बसली. सुटं ठेवलेलं चित्र पानाला चिकटलेलं असतं, मजकुराला नव्हे. ते मजकुराबरोबर चालायला हवं असेल, तर मजकुरात कर्सर ठेवून एखाद्या अक्षरासारखं आत बसवावं लागतं. मी तसं केलं.

दुसरा घोटाळा मात्र सापडला नाही. प्रुफं आमच्याच दुकानातल्या लेझर प्रिंटरवर निघत होती. मूळ चित्र त्याच संगणकात होतं, त्यामुळे पत्ता बरोबर लागायचा आणि ओळ सुरेख उमटायची. शेवटी पुस्तकाची फाइल फ्लॉपीत घेऊन मी दुसऱ्या छापखान्यात दिली. चित्राची फाइल दुकानातच राहिली. तिथल्या संगणकानं विचारलं असणार, चित्र सापडत नाही, काय करू? कुणीतरी पुढे चला म्हणून बटण दाबलं. मग सावलीच छापली गेली.

500 प्रती बांधून आल्या. अम्मानं चष्मा लावला, मी पान काढून दिलं. तिनं पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं आणि म्हणाली, “ये क्या लिख्या है रे?” तिची स्वतःची ओळ तिला वाचता येईना. पायऱ्यापायऱ्यांचे काळे चौकोन होते नुसते. नुक्ते गळून पडलेले. उर्दूत नुक्ता गेला की अक्षरच बदलतं. दोष छापखान्याचा नव्हता. पेजमेकरच्या ‘सेव्ह अॅज’मध्येच छपाईला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स बरोबर घेण्याची सोय होती. मी कधी तिकडे पाहिलंच नव्हतं.

या चौकोनांमागचा हिशेब साधा आहे. फोटो नीट छापायचा तर छापील आकारात इंचाला सुमारे 300 ठिपके हवेत. 600 ठिपके रुंदीचा फोटो दोन इंच रुंद छान दिसेल. तोच चार इंच केला तर इंचाला 150च उरतात आणि चेहरा धूसर होतो. ओढून मोठं केल्यानं नवे ठिपके जन्मत नाहीत. सही, हस्ताक्षर, रेखाचित्र अशा निव्वळ काळ्या-पांढऱ्या गोष्टींना तर 300ही अपुरे. त्या इंचाला 1200नं स्कॅन केल्या तर कडा धारदार येतात. पडद्यासाठीचा नमुना याच्या पासंगालाही पुरत नाही.

पेजमेकर आता इतिहासजमा झालं. 2001ची सातवी आवृत्ती त्याची शेवटची मोठी आवृत्ती. त्याची जागा इनडिझाइननं घेतली. त्यात चित्रांच्या पत्त्यांची यादी सतत समोर असते. चित्र हरवलं तर लाल प्रश्नचिन्ह येतं, मूळ चित्र बदललं तर पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह येतं. ‘पॅकेज’ म्हटलं की पान, चित्रं आणि फाँट एका फोल्डरमध्ये गोळा होतात. युनिकोडमुळे उर्दू आणि मराठी एकाच पानावर टाइप करता येतात.

तरी चूक तीच होते, फक्त रस्ता बदलतो. स्मरणिकेसाठी दिवंगत वडिलांचा फोटो लोक व्हॉट्सअॅपवरून पाठवतात. नेहमीसारखा पाठवला की तो वाटेतच आक्रसतो. मोबाइलवर देखणा दिसतो, कागदावर विटतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. कुणी फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून देतात. माझं सांगणं एवढंच, की मजकुराबरोबर चित्राची मूळ फाइल वेगळी द्या. आणि प्रूफ जिथं छपाई होणार आहे, तिथलंच पाहा.

अम्मा त्या दिवशी काही बोलली नाही. संध्याकाळी मी दुकानात जाऊन मूळ चित्रावरून ती ओळ पानभर पुन:पुन्हा छापून घेतली आणि पट्ट्या कापल्या. अम्मानं मैद्याची खळ शिजवली. दोन रात्री आम्ही मायलेक बसलो. मी पान उघडायचो, ती बोटानं खळ लावून पट्टी बसवायची, वाचायची आणि पुस्तक मिटायची.

पुढं दुसरी आवृत्ती निघाली, ओळ त्यात व्यवस्थित छापून आली. मी जपून ठेवलीय ती मात्र पहिलीच. पट्टी थोडी तिरकी आहे. पिवळी पडलीय, पण निघालेली नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)