इमारतीच्या अंगणातील फुलपाखरे



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत घरटी अंगण आता राहिलेले नाही. उरली आहे ती इमारतीच्या कुंपणालगतची चार हात रुंदीची पट्टी, शाळेच्या आवारातील एखादा कोपरा आणि सज्जातील कुंड्या. एवढ्याशा जागेत फुलपाखरे येतील काय, असे आपण विचाराल. अवश्य येतील. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल बोरिवली आणि मुलुंड या दोन्ही उपनगरांना भिडलेले आहे.

फुलझाडांची निवड अवघड नाही. ठेंगणा एक्झोरा आणि पेंटास ही झुडपे थोड्या जागेत मावतात आणि त्यांच्या बारीक नळीच्या फुलांचे झुबके फुलपाखराच्या सोंडेला सोयीचे असतात. दिवसातून पाच-सहा तास ऊन मात्र हवे. इमारतीच्या कडेच्या मातीत बांधकामाचा चुना व सिमेंट मिसळलेले असते. त्यामुळे एक्झोराची पाने पिवळी पडतात. तेथे दीड-दोन फूट माती बदलावी, किंवा सरळ कुंडीच वापरावी. रोपवाटिकेत ठेंगणी घाणेरीही सुचविली जाते. तिच्यावर फुलपाखरे येतात हे खरे; परंतु अमेरिका खंडातून आलेल्या या झुडपाने आपल्या रानांत केवढी जागा बळकावली आहे ते सर्वश्रुत आहे. पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर नेतात. राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी राहणाऱ्यांनी ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु नुसत्या फुलांनी भागत नाही. फुलावर फुलपाखरू येते ते मध पिण्यापुरते. अंडी घालण्यासाठी त्याला विशिष्ट झाडाचे पानच लागते. २०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉर्मन या काळ्या-निळ्या, मोठ्या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. आपल्या स्वयंपाकघराला परिचित असलेला कढीपत्ता त्याच कुळातला. कुंडीतील कढीपत्त्यावर याच गोतातील कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू बिनदिक्कत अंडी घालते. रुईवर प्लेन टायगर, तर टाकळ्यावर पिवळसर एमिग्रंट वाढतात. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे; म्हणून शाळेत ती मुलांच्या हाताबाहेर असावी.

खरी अडचण येते ती पुढे. पाने कुरतडलेली दिसताच माळी औषध फवारतो आणि सोसायटीचे सभासद त्याला शाबासकी देतात! ज्या अळीचे फुलपाखरू व्हायचे तीच अशा रीतीने मरते. कढीपत्त्यावरील अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटी हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे शिंगासारखे इंद्रिय बाहेर काढते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास साधारणतः तीन-चार आठवड्यांचा. तेवढे दिवस फवारणी थांबविली तर झाडाला पुन्हा पालवी फुटते. आमटीसाठी पाने कमी पडू नयेत म्हणून कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवाव्यात, एक आपली व एक अळ्यांची.

शाळांनी पहिल्या पावसानंतर लागवड करावी आणि वर्गातील मुलांकडून अंडी, अळी, कोष यांची तारीखवार नोंद ठेवून घ्यावी. माळ्याला फवारणी न करण्याची सूचना मुख्याध्यापकांनी लेखी द्यावी. तोंडी सूचना सुट्टीच्या दिवसांत विसरली जाते.