लांबलेली रोपे आणि लावणीची खोली

आषाढात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, किंवा लावणीजोगा वाफसा मिळेना म्हणून रोपे मुदतीबाहेर गादीवाफ्यावर अडकून पडतात, आणि मग टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे एकमेकांच्या डोक्यावरून उजेडाकडे माना काढीत फिकट, लेचीपेची होऊन वाऱ्याच्या झुळकीसरशी आडवी पडू लागतात. अशा वेळी बियाण्यावर ठपका ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वास्तविक कसूर असते ती दाट पेरणीची, सावलीची आणि सढळ हाताने टाकलेल्या अमोनियम सल्फेटची.

तथापि ही रोपे उकिरड्यावर फेकण्याची घाई करू नये. टोमॅटोच्या खोडाला ओलसर मातीचा स्पर्श झाला की त्यावर आगंतुक मुळे फुटतात. बुंधा निरखून पाहिल्यास त्यांचे बारीक फुगीर ठिपके पुष्कळदा मातीबाहेरच दिसतात. म्हणून खालची पाने खुडावी, वरंब्यावर तीन-चार इंच खोल तिरपी चरी काढून खोड तीत निजवावे आणि शेंड्याकडील चार-पाच पाने तेवढी बाहेर ठेवावी. एक-दोन दिवसांत शेंडा आपण होऊन सरळ होतो. खोल उभा खड्डा मात्र आपल्या काळ्या जमिनीत, तोही पावसाळ्यात, नकोच, कारण साचल्या पाण्यात मुळे गुदमरतात.

ही मुभा सर्वांना नाही. वांगी-मिरची फार तर इंचभर खोल लावून काडीचा आधार द्यावा, नाहीतर बुंधा कुजतो. कोबी-फ्लॉवर बीजदलांपर्यंत पुरावा, पण मधला कोंब गाडला गेल्यास गड्ड्याची आशा सोडावी. कांद्याची तऱ्हा अगदी उलटी: शेंड्याचा तिसरा हिस्सा छाटून रोप उथळच लावावयाचे.

उपटणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी तोडून रोपे काटक करावी, आदल्या संध्याकाळी मात्र वाफा भरपूर भिजवावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. लावणी दिवस कलल्यावर करावी. रोप खोडाला चिमटीत धरण्याची मजुरांची सवय मोडणे अवघड, पण मोडावीच. पान चिरडले तर दुसरे येते, खोड चिरडले की रोप गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे पाणी द्यावे. आठवड्याभराने नांग्या भराव्या लागतात, तेव्हा वाफ्याच्या उन्हाकडील कडेची थोडी रोपे विरळ करून त्यासाठी राखून ठेवण्याची तजवीज लावणीच्या दिवशीच करावी.