कावड आणि काटा

मार्च-एप्रिलच्या दुपारी अर्जुनी मोरगावहून नवेगावबांधकडे जाताना जरा वर पाहा. कापणी होऊन गेलेल्या कोरड्या बांध्यांवर एखादी घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढताना दिसेल. तापलेल्या जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि घार त्या हवेवर स्वार होते. तीच घार तलावाच्या पाण्यावर आली की तिला पंख मारावे लागतात, कारण पाणी जमिनीइतके लवकर तापत नाही.

माणसाने हीच युक्ती ग्लायडरसाठी उचलली. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. पुण्याजवळ हडपसरला अनेक वर्षे याचे शिक्षण दिले गेले आहे. दोरीने ओढून ग्लायडर वर नेतात, दोरी सुटते आणि मग वैमानिक घारीसारखा गरम हवेचा झोत शोधत फिरतो.

आता गंमत ऐका. इंजिन नाही म्हटल्यावर असे विमान जितके हलके तितके बरे, असे आपल्याला वाटेल. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरणारे वैमानिक उड्डाणापूर्वी पंखांत पाणी भरतात. तेही थोडेथोडके नाही. १५ मीटर लांबीच्या पंखांत दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते. हे पाणी पिण्यासाठी नाही की इंजिन थंड करण्यासाठी नाही. ते केवळ वजन म्हणून न्यायचे असते.

कशासाठी? ग्लायडर सतत एका उतारावरून घसरत असतो असे समजा. चांगला ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्च करून शांत हवेत चाळीसेक किलोमीटर जातो. वजन वाढवले तरी हा उतार बदलत नाही, पण त्या उतारावरचा वेग वाढतो. हा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वैमानिकासह ३५० किलोचा ग्लायडर ताशी १०० किलोमीटरने उत्तम घसरत असेल, तर १७० किलो पाणी भरल्यावर तोच उतार तो ताशी सुमारे १२२ किलोमीटरने कापतो. शर्यतीत हा फार मोठा फायदा आहे. याची किंमतही मोजावी लागते. जड ग्लायडर गरम हवेत सावकाश चढतो. म्हणून ऊन कडक आणि झोत जोरदार असेल त्या दिवशी पाणी भरपूर भरायचे. दिवस मंद असेल तर कमी भरायचे किंवा भरायचेच नाही. हवेत असताना झोत कमजोर झाले तर झडप उघडून पाणी सोडून देता येते. उतरण्यापूर्वी तर ते सोडतातच, कारण जड विमान जास्त वेगाने जमिनीला टेकते आणि चाकावर भार येतो.

म्हणजे सारा खेळ मापाचा आहे. आणि माप म्हटले की आपण धानपट्ट्यातली माणसे कान टवकारतो. धान खरेदी केंद्रावर पोते काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याची नजर कुठे असते, हे सांगायला नको.

पंखांतले पाणी मोजताना दोन वेगळे प्रश्न असतात आणि नवशिक्या माणूस त्यांची गल्लत करतो. पहिला प्रश्न, दोन्ही बाजूंना पाणी सारखे आहे का? दुसरा, एकूण पाणी किती आहे?

पहिल्याचे उत्तर कावड देते. तलावावरून मासळी आणणारा ढिवर दादा कावड खांद्यावर घेतो आणि क्षणात सांगतो, डावीकडे जास्त झाले. ग्लायडरचेही तसेच. त्याला मधोमध एकच मुख्य चाक असते, त्यामुळे उभा असताना एक पंख जमिनीला टेकलेला राहतो. दोघांनी पंख समपातळीत धरायचे आणि अलगद सोडायचे. जड बाजू खाली जाते. मग त्या बाजूचे थोडे पाणी कमी करायचे. ही तपासणी टाळली तर धोका सुरुवातीलाच असतो. धाव घेताना वेग कमी असतो, तेव्हा वैमानिकाच्या हातातल्या दांड्याला पंख सावरण्याइतका जोर नसतो. जड पंख जमिनीला लागतो आणि विमान गर्रकन फिरते.

पण कावड दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. दोन्ही बाजूंना वीस-वीस किलो जास्त भरले तरी कावड सरळच राहील. एकूण वजन कळायला काटाच हवा. शर्यतींत म्हणूनच ग्लायडर वजनकाट्यावर चढवतात. ‘स्टँडर्ड’ गटात ५२५ किलोची मर्यादा असते. मैदानावर काटा नसेल तर खुणा केलेल्या कॅनने किंवा नळीला जोडलेल्या मीटरने पाणी मोजतात. ‘नळी पाच मिनिटे लावली होती, म्हणजे इतके झाले असेल’ हा हिशेब कामाचा नाही. नळाचा जोर सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा.

मीटरवरचे एकक कोणते, हेही पाहावे लागते. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, तर अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. चाळीस गॅलनमागे तीस लिटरांचा, म्हणजे तीस किलोंचा फरक पडतो. आपल्याकडे पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो-लिटर आले आणि तो घोळ मिटत गेला.

एककाचा घोळ काय करू शकतो, ते २३ जुलै १९८३ रोजी दिसले. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना लिटरचे किलो करायचे होते. त्या इंधनाच्या एका लिटरचे वजन सुमारे ०.८ किलो. हिशेबात आकडा घेतला १.७७, जो पौंडांचा होता. लागणार होते त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले आणि आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. सुदैवाने कप्तान बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते अवजड विमान ग्लायडरसारखे उतरवत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर टेकवले. आतली ६९ माणसे वाचली.

तिसरी गोष्ट पुढच्या-मागच्या तोलाची. पंखांतले पाणी बऱ्याच ग्लायडरमध्ये तोलबिंदूच्या किंचित पुढे असते. त्यामुळे नाक जड होते. म्हणून शेपटीतही एक छोटी टाकी असते. समजा, पंखांतले १०० लिटर पाणी तोलबिंदूच्या २० सेंटिमीटर पुढे आहे. शेपटीची टाकी ४ मीटर मागे असेल, तर तिथे फक्त ५ लिटर पुरतात. सबलीने दगड उचलताना आपण हेच करतो. पण पंखांतले पाणी सोडले आणि शेपटीतले राहिले तर शेपूट जड होते. मग विमान गरगरत खाली जाऊ लागले तर सावरणे अवघड जाते. पाच लिटर म्हणजे घरातल्या एका कॅनभर पाणी. ते नको त्या जागी राहिले तर जिवावर बेतते.

शेवटची गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला लगेच पटेल. नळी लावून पाणी भरताना टाकीतली हवा बाहेर जायची वाट मोकळी हवी. ती बंद असेल तर नळाच्या दाबाने पंखाचे पातळ कवच आतून फुगते आणि उकलते. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे आपण मानतो. असे तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांना ठाऊक होते की पाळ कितीही भक्कम घातली तरी जादा पाण्याला सांडवा ठेवावाच लागतो.

कावड सरळ राहिली म्हणून काट्याला सुट्टी देऊ नका. घरचे धान मोजताना, फवारणीच्या पंपात औषध घालताना, लेकराला डॉक्टरांनी दिलेले औषध चमच्याने पाजतानाही दोन्ही प्रश्न विचारा. सारखे आहे का? आणि किती आहे? पहिल्याचे उत्तर डोळा देतो. दुसऱ्यासाठी माप हातात घ्यावे लागते.