देवदर्शनाला सगळ्याजणी



सुगी आटोपली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा देवदर्शनाला कुठं जायचं? आपल्या भागात कोल्हापूरचं नाव पहिलं येतं. मग यादी सुरू होते. अंबाबाई, टेंबलाई, बिनखांबी गणपती, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, बाहुबली, कणेरी मठ. गाडीवाला म्हणतो, "एका दिवसात सगळं करतो, काळजी करू नका." पहाटे निघायचं, मध्यरात्री परत यायचं. दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारते, "काय काय बघितलंस गं?" आणि तोंडातून निघतं, "लई गर्दी होती बाई!"

वर्षातून एक दिवस आपल्याला मिळतो. त्या दिवसासाठी जनावरांचं कुणाला तरी सांगावं लागतं, पोरांच्या डब्याची सोय लावावी लागते, सासूबाईंची औषधं काढून ठेवावी लागतात. एवढं करून मिळालेला दिवस रांगेत आणि गाडीत जाऊ नये, म्हणून आजचं बोलणं. गटानं आपली स्वतःची गाडी ठरवावी, दिवसभरासाठी एक चांगला माहितगार बरोबर घ्यावा, आणि दिवस आपल्या अटींवर काढावा. हे फक्त परदेशी पाहुण्यांनी आणि शहरातल्या लोकांनी करायचं असं कुठं लिहिलेलं नाही.

पहिला प्रश्न पैशांचा. हिशेब कळावा म्हणून समजा, पंधरा जणींची गाडी दिवसाला सहा हजार रुपये आणि माहितगार दीड हजार रुपये. झाले साडेसात हजार. पंधरा जणींत वाटले की प्रत्येकी पाचशे. त्यात माहितगाराचे फक्त शंभर. नारळ, हार, पेढे आणि वाटेतल्या चहाला आपण याहून जास्त घालवतो. हे पाचशे गटाच्या बचतीतून काढू नका, ती बचत अडीनडीच्या कर्जासाठी आहे. सहलीची वही वेगळी ठेवा. महिन्याला पन्नास रुपये टाकले की दहा महिन्यांत पाचशे होतात. लांबच्या गटांनी कोल्हापूरपर्यंत एसटीनं यावं. आपल्याला अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्या आजींना प्रवास फुकट आहे. पुढची गाडी कोल्हापुरातून ठरवली की भाडं बरंच वाचतं.

गाडी ठरवताना चार गोष्टी आधीच बोलून घ्या. किलोमीटरचा दर किती आणि कमीत कमी किती किलोमीटर धरणार? टोल आणि गाडी लावण्याचे पैसे कुणाचे? ड्रायव्हरचा भत्ता वेगळा का? उशीर झाला तर जादा किती? हे सगळं वहीत लिहा आणि गाडीवाल्याला वाचून दाखवा. लिहिलेलं असलं की संध्याकाळी वाद होत नाही.

आता माहितगार. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेले गाईड असतात, ओळखपत्र आहे का ते विचारा. बाई गाईड मिळाली तर उत्तम. पण ओळखपत्रापेक्षाही दोन-तीन साधे प्रश्न जास्त कामाचे. "पूजा-अभिषेकाचे पैसे तुमच्या पैशात धरलेत का?" धरलेले नसतात. पूजा करायची की नाही ते आपण ठरवायचं आणि पावती घेऊनच पैसे द्यायचे. "तुम्ही आम्हाला दुकानात नेणार का?" नेणार असेल तर त्याला तिथून काही सुटतं हे समजून घ्या. रांग चुकवून लवकर दर्शन देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर मंदिराच्या कार्यालयात जाऊन विचारा, रस्त्यावर देऊ नका. आणि शेवटचा प्रश्न, "खिद्रापूरला आम्हाला किती वेळ देणार?" जो म्हणेल वीस मिनिटं, त्याला नमस्कार करून दुसरा बघा.

देवळं किती घ्यायची? माझं म्हणणं, दिवसाला चार, आणि एकाच दिशेची. जोतिबाचा डोंगर कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, पण तो वायव्येला. वाडी आणि खिद्रापूर पूर्वेला, पन्नास-साठ किलोमीटरवर. दोन्हीकडं पळायला गेलं की दिवस रस्त्यातच संपतो. जोतिबा आणि पन्हाळा पुढच्या वर्षाला ठेवा. मग यंदाचा दिवस असा लागतो.

पहाटे अंबाबाई. लवकर गेलं की रांग लहान असते. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. माहितगाराला सांगा, आम्हाला देऊळ बाहेरून दाखवा. बाहेरच्या भिंतीवर नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या बायका दगडात कोरलेल्या आहेत. आपण इतक्या वेळा येऊन गेलो, त्यांच्याकडं मान वर करून कितीजणींनी बघितलं? देवीच्या एका हातात म्हाळुंगाचं फळ आहे, एका हातात गदा, एका हातात ढाल आणि एका हातात पानपात्र. साडी-दागिन्यांत हे आपल्याला दिसत नाही, सांगणारा लागतो. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. साधारण ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. हाच किरणोत्सव. वाटेत उंच इमारत आली किंवा आभाळ आलं की किरणं अडतात. महाद्वारात उभं राहून माहितगारानं ती सरळ रेघ हातानं दाखवली, की त्या काळच्या कारागिरांचा हिशेब कळतो.

तिथून टेंबलाई. शहराच्या पूर्वेला टेकडीवर. तिचं नाव त्र्यंबोली. गोष्ट अशी सांगतात, की अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं, त्या लढाईत त्र्यंबोलीनं तिला मदत केली. पण विजयाच्या सोहळ्याला तिला बोलावणं गेलंच नाही. ती रुसली आणि टेकडीवर पाठ फिरवून बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. अजून दर नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते आणि तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. बघा मैत्रिणींनो, चूक झाली तर मोठीनं उठून धाकटीच्या दारात जायचं. करवीरची राणी जाते, तर आपल्याला जायला काय झालं?

मग नरसोबाची वाडी. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम. इथं मूर्ती नाही, दत्ताच्या पादुका आहेत. नृसिंह सरस्वतींनी इथं बारा वर्षं वास्तव्य केलं असं गुरुपरंपरा सांगते. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पुढं पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवतात. नदीचं घर आणि देवाचं घर एकच. दुपारची भाकरी इथं सोडा. झुणका, ठेचा, दही घरचंच न्या. स्वच्छतागृहाची सोय कुठं बरी आहे हे माहितगाराला सकाळीच विचारून ठेवा. बाई दिवसभर पाणी न पिता प्रवास करते आणि रात्री डोकं धरून बसते, ते यंदा नको.

शेवटी खिद्रापूरचं कोपेश्वर. ऊन कलतं झाल्यावर या आणि दोन तास ठेवा. बाराव्या शतकातलं शिलाहार राजांचं काम. पुढचा स्वर्गमंडप अठ्ठेचाळीस खांबांचा, आतल्या गोलात बारा खांब, आणि बरोबर डोक्यावर साधारण तेरा फुटांचं उघडं वर्तुळ. वर नुसतं आभाळ. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या वर्तुळात येतो, ते बघायला लोक रात्री जमतात. बाहेर खालच्या थरात हत्तींची रांग आहे, जणू अख्खं देऊळ त्यांनी पाठीवर उचललंय. मात्र महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. असं का?

त्याचीही गोष्ट आहे. दक्षानं यज्ञ मांडला, पण लेकीला आणि जावयाला बोलावणं केलं नाही. सती न बोलावता माहेरी गेली, नंदीवर बसून. तिथं अपमान झाला, तिनं यज्ञात देह ठेवला. महादेव कोपला, म्हणून कोपेश्वर. त्याला शांत करायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात दुसरं लिंग धोपेश्वराचं. नंदी सतीबरोबर गेलेला, तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं मानतात. चांगला माहितगार इथं एक काम करतो. तो म्हणतो, "ही झाली कथा. आता हा शिलालेख बघा." देवगिरीच्या यादव राजा सिंघणानं तेराव्या शतकात या देवाच्या पूजेसाठी गाव दान दिल्याचा लेख दगडात आहे. कथा वेगळी, लेख वेगळा. दोन्ही ऐकायच्या, पण कुठली कुठली ते कळायला हवं.

टेंबलाईची गोष्ट न बोलावलेलीची, आणि सतीची गोष्टही न बोलावलेलीचीच. आता आपल्या गाडीकडं बघू. आपल्या गटात न बोलावलेली कोण आहे?

एक असते विधवा बहीण. गाडीत ती बरोबर असते, गाणी म्हणते, डबा वाटते. पण देवीची ओटी भरायची वेळ आली की ती आपोआप मागं सरते, आणि आपण तिला सरू देतो. मैत्रिणींनो, खिद्रापूर ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे ही वाट आपल्याच मुलखातून निघाली. मग ओटीचं ताट हातात आल्यावर तिला हाक मारा. "ये गं आक्का, तूही भर." ती नको म्हणाली तर जबरदस्ती नको. पण हाक आपल्याकडून गेली पाहिजे.

दुसरी असते नेमकी त्या दिवशी अडचण आलेली. तिला गाडीत बसवून आपण तीन-तीन तास आत. गाभाऱ्यात जायचं का नाही, ते तिचं ती ठरवेल. पण देवळाबाहेरचा घाट, नदी, बाजार तिनं का बघू नये? गटातली एकजण तिच्याबरोबर थांबा आणि माहितगाराला सांगा, की आम्हा दोघींनाही सगळं सांगायचं.

तिसरी गुडघेदुखीची आजी. पायऱ्या किती, ओसरी कुठं, गाडी कुठपर्यंत जाते, हे आधी विचारा आणि सगळ्यांची चाल तिच्या चालीला जुळवा. चौथी, जिचे पाचशे जमले नाहीत. तिचं नाव न घेता गटानं प्रत्येकी थोडे जास्त टाकावेत आणि तिला सांगावं, "तुझी जागा ठेवलीय." आपली गाडी असल्याचा खरा फायदा हाच. कुणासाठी थांबायचं ते आपण ठरवू शकतो.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं त्या दिवसातली एक गोष्ट सांगायची. जी सगळ्यात छान सांगेल, तिच्यावर एक काम सोपवा. आपल्या गावातलं जुनं देऊळ, त्याच्या भिंतीवरचं कोरीवकाम, दारातला वीरगळ, याची माहिती जुन्या जाणत्या बायकांकडून गोळा करून वहीत लिहायची. उद्या दुसऱ्या गावचा गट आपल्याकडं आला, तर त्यांना दाखवायला बाहेरचा माणूस कशाला? आपलीच पोरगी दाखवेल आणि तिच्या कष्टाचे चार पैसे तिला मिळतील.

वही आजच काढा. पहिल्या पानावर सगळ्याजणींची नावं लिहा. कुणाचं राहिलं तर नाही ना, ते दोनदा बघा.