मेट्रो सिंहस्थाची की सातपूरची?



१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या २,०९२ कोटी रुपयांच्या मेट्रोला साहाय्य घोषित झाले. रूळ नाहीत; रबरी चाकांची, डोक्यावरील तारेतून वीज घेणारी ‘मेट्रो निओ’. गंगापूर ते नाशिकरोड हा तिचा मुख्य मार्ग. मध्यम शहराच्या खिशाला परवडणारी ही कल्पना मला आजही गैर वाटत नाही. मात्र २०२४ संपले, तरी एक खांबही उभा राहिला नाही.

आता जो तो सिंहस्थाचा दाखला देतो. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. सातपूर-अंबडचा कामगार रोज पहाटे पाळीला निघतो. पर्वणीची गर्दी मोजून मार्ग आखला, तर उरलेली अकरा वर्षे गाड्यांत कोण बसणार? आराखडा पुन्हा मांडला जाईल, तेव्हा पहिल्या पाळीच्या वेळा त्यात प्रथम शोधा.